मीच नेलेलं पत्र

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला शरीरशास्त्र शिकवायला रुग्णालयातले एक डॉक्टर येत. ते जुन्या वहीतून वाचून सांगत आणि आम्ही उतरवून घेत. हृदयाचे कप्पे चार, फुप्फुसं दोन, रक्ताची कामं पाच. कुणी मध्येच काही विचारलं की ते वहीत बोट घालून ती मिटत आणि म्हणत, "नर्सला एवढं पुरे." मग वही उघडून पुढे.

मी मुळशीकडची, माले गावची. घरी भाताची शेती. आमच्या भावकीतली मुलगी मॅट्रिक होऊन पुण्याच्या दवाखान्यात लोकांची मलमूत्रं काढणार, हे कुणालाच रुचलं नव्हतं. एका चुलत्यांनी तर आमच्याकडे येणंच सोडलं. पण माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, एकदा ठरवलं की बोलत नसत. ते मला एस.टी.त बसवायला आले आणि एवढंच म्हणाले, "शिकतीयस तर नीट शीक. अर्धं सोडून येऊ नगंस." मी नीटच शिकायला गेले होते. तिथे गेल्यावर कळलं की आम्हाला अर्धंच शिकवायचं ठरलेलं आहे.

ह्या अर्ध्याच्या पुढचं मला ज्यांनी दाखवलं, त्या आमच्या सिस्टर ट्यूटर. म्हणजे नर्सच्या मुलींना शिकवणाऱ्या बाई. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणत असू. चाळिशीच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्यात वाढलेल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, कारण त्याचा सेकंदाचा काटा मोठा असतो आणि नाडी मोजायला बरा पडतो. आवाज कधी चढत नसे. मुली त्यांना घाबरत, पण त्यांच्या तासाला कुणी पेंगत नसे.

एकदा त्या सलाईन कसं तयार करतात ते दाखवत होत्या. हजार भाग पाण्याला नऊ भाग मीठ. मी विचारलं, "बाई, नऊच का? दहा का नाही?" मुली हसल्या. बाईंनी दाखवणं पुरं केलं. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि प्रयोगाच्या खोलीत नेलं. काचेच्या दोन नळ्या घेतल्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत सलाईन. सुई तापवून, गार करून स्वतःच्या बोटाला टोचली आणि दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब पाडला. नळ्या हलवून त्यांनी माझ्या हातात दिल्या.

"खिडकीकडे धर."

पाण्याच्या नळीतून पलीकडचे गज स्पष्ट दिसत होते, लाल काचेतून दिसावेत तसे. सलाईनची नळी गढूळ. तिच्यातून काहीच दिसेना.

"साध्या पाण्यात रक्तपेशी फुगल्या आणि फुटल्या," बाई म्हणाल्या. "आतला रंग पाण्यात मिसळला. मिठाच्या पाण्यात त्या शाबूत आहेत, म्हणून उजेड अडतोय. आता सांग, शिरेतून नुसतं पाणी दिलं तर?"

"माणूस दगावेल."

"दगावेल हे बाकीच्या मुलींनाही ठाऊक आहे. का दगावेल ते आता तुला ठाऊक झालं."

त्या दिवशी बाईंनी मला आपलं शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक दिलं. डॉक्टरीच्या मुलांना असतं ते, इंग्रजी, जाड. माझं इंग्रजी जेमतेम. डिक्शनरी मांडीवर घेऊन एक पान दोन-तीन दिवस पुरे. मूत्रपिंडाचं प्रकरण वाचायला मला पूर्ण सुट्टी लागली. पण ते वाचून झाल्यावर मी वॉर्डात आले आणि सूज आलेल्या रोग्याच्या लघवीचं माप मी रोज का लिहिते ते मला समजलं. त्याआधी वर्षभर मी ते नुसतं लिहीत होते. हा आनंद कसा असतो ते सांगणं कठीण आहे. माणसाच्या आत काय चाललंय ते दिसू लागलं आणि रोगी मला निराळेच दिसू लागले. बाईंना मी रोज काहीतरी विचारी. त्यांना येत नसेल तर त्या सरळ म्हणत, "मला माहीत नाही, उद्या शोधून सांगते," आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगत. एवढ्या वयाचं माणूस "मला माहीत नाही" म्हणतं, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मला शिकवताना त्या कधी कधी म्हणत, "तू डॉक्टर व्हायला हवं होतंस." मला ते कौतुक वाटे. त्यापलीकडे मी त्याचा विचार करत नसे.

तीन वर्षं झाली. सरकारी खर्चाने शिकल्यामुळे काही वर्षं नोकरी करण्याचा करार होता. मला पौडच्या बाजूचं एक ग्रामीण केंद्र मिळालं. तिकडची बोली येते, लोक ओळखीचे, म्हणून बाईंनीच ते सुचवलं होतं. दोन खोल्यांचा दवाखाना, मागे आमच्या राहण्याच्या खोल्या आणि समोर मोठं अंगण. वर्षातून दोनदा बाई आपल्या शिकाऊ मुलींची तुकडी घेऊन तिथे येत आणि महिना-दीड महिना राहत. खेड्यातलं काम मुलींनी पाहावं म्हणून. त्या आल्या की मला सण असल्यासारखं वाटे.

अशाच एका मुक्कामात ते मूल आलं.

पावसाचे, भातलावणीचे दिवस होते. केंद्राचे डॉक्टर बैठकीला पुण्याला गेलेले, परवा येणार. सकाळी दहाच्या सुमारास रिहे गावाच्या बाजूची एक बाई इरल्याखाली मूल घेऊन आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली होती, एकटीच चालत आली होती. मूल सात-आठ महिन्यांचं. दोन दिवस हगवण आणि उलट्या.

"बाई, ह्यो डोळंच उघडंना," ती म्हणाली. "कालपत्तुर रडत तरी व्हता."

मी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. टाळू खोल गेली होती. तोंडात चमच्याने घातलेलं पाणी ओघळून आलं. काय झालंय आणि काय केलं पाहिजे हे मला लख्ख दिसत होतं. मांडीच्या कातडीखाली हळूहळू सलाईन सोडायला हवं होतं. बाटली कपाटात होती. पण डॉक्टरांच्या लेखी आज्ञेशिवाय नर्सने असं काही करायचं नाही हा नियम. पुण्याला निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत संध्याकाळ झाली असती.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"दुपारपर्यंत टिकणार नाही."

त्यांनी मुलाच्या टाळूवर बोटं ठेवली. मग म्हणाल्या, "दे. मी आहे."

मी दिलं. मांडीवर लिंबाएवढा फुगवटा आला, हळूहळू जिरला, मग दुसऱ्या मांडीवर. शिकाऊ मुली भोवती उभ्या राहून बघत होत्या आणि बाई त्यांना प्रत्येक पायरी समजावून सांगत होत्या. तीनच्या सुमारास मूल रडलं. फार बारीक रडलं, पण त्याची आई भिंतीला टेकून बसली होती ती उठून उभी राहिली. चार दिवसांनी ती त्याला घेऊन चालत परत गेली.

डॉक्टर आल्यावर मला बोलावणं आलं. "कुणाच्या ऑर्डरने दिलंत?" मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मी होते तिथे." डॉक्टर त्यांच्या वयाला मान देऊन बोलायचे थांबले, पण माझ्याकडून लेखी खुलासा घेतलाच.

बाहेर आल्यावर मी धुमसत होते. अपमानापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने. मी बाईंना म्हटलं, "मला माहीत असून उपयोग काय? दरवेळी मी कपाटापुढे उभी राहून कुणाची तरी वाट बघायची?"

बाई म्हणाल्या, "मग ऑर्डर देणारी हो."

त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही बोललोच नाही. मेडिकलला जायचं तर आधी दोन वर्षं सायन्स कॉलेज करायला हवं. पण मला ते दारही बंद होतं. आमच्या शाळेत मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी सोपं अंकगणित घेता येई, आणि सगळ्याजणी तेच घेत. मीही घेतलं होतं. म्हणजे आधी ते दोन विषय घेऊन पुन्हा शालान्त परीक्षेला बसायचं. मग नोकरीतल्या नर्सना पुढच्या शिक्षणासाठी सोडण्याचा अधिकार असलेली एक समिती होती, तिच्याकडे अर्ज करायचा. बाईंनी हे सगळं कागदावर लिहून काढलं. मला वाटलं, आता थोडं चालायचंच उरलंय.

राहिले होते आबा. घरात माझ्या लग्नाचं निघालं होतं. ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका गावचं स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. बाई म्हणाल्या, "मी बोलते त्यांच्याशी." आणि एका रविवारी त्या माझ्याबरोबर माल्याला आल्या. आईने तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं केलं होतं. बाई चुलीपाशी पाटावर बसून जेवल्या. जेवण झाल्यावर आबांना म्हणाल्या, "तुमची मुलगी डॉक्टर होईल. माझा शब्द आहे. परीक्षा आणि प्रवेश होईपर्यंत दोन वर्षं लग्नाचं काढू नका."

आबा सुपारी कातरत होते. "दोन वर्सं म्हंजी लई झाली, बाई. पाव्हणं थांबायचं न्हाईत."

"न थांबले तर दुसरे मिळतील. डॉक्टर मुलीला काय कमी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला जमंल?"

"जमंल," मी म्हटलं.

"मग बाई सांगतात तसं करू," आबा म्हणाले. पाहुण्यांना त्यांनी स्वतः जाऊन नकार सांगितला.

पौडला शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. दुपारी दवाखाना बंद असे तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं बीजगणित मी चोविसाव्या वर्षी शिकले. पहिल्या खेपेला भूमितीत नापास झाले. दुसऱ्या खेपेला दोन्ही निघाले, आणि बरे निघाले. बाईंना मी पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, "आता अर्ज कर. शिफारस मी देईन."

अर्जासोबत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं गोपनीय पत्र लागे. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात बाई तुकडी घेऊन आमच्याकडेच आल्या होत्या. त्यांनी आपल्या खोलीत बसून पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, मेणबत्तीवर लाख वितळवून शिक्का मारला आणि माझ्या हातात दिलं. "मुलाखतीच्या दिवशीच तिथे दे. वाटेत चुरगळू नकोस." मी ते दोन नऊवारींच्या घडीत ठेवलं. मुलाखतीला जाताना एस.टी.त पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, शेजारणीने पायाशी ठेवा म्हटलं तरी ठेवली नाही.

समितीत तिघे जण होते. दोघे अधिकारी, आणि मध्ये एक म्हातारे डॉक्टर. त्यांनी मला रक्ताभिसरणाबद्दल विचारलं. मी सांगितलं. मूत्रपिंडाबद्दल विचारलं. मी इतकं सांगितलं की ते हसले आणि म्हणाले, "पुरे, पुरे." त्यांचा तो "पुरे" मला आवडला. मग त्यांनी पाकीट फोडलं. वाचताना त्यांचं हसू गेलं. त्यांनी पत्र डावीकडच्यांना दिलं, त्यांनी उजवीकडच्यांना.

"केंद्रात डॉक्टर नसताना तुम्ही एका मुलाला त्यांच्या आज्ञेशिवाय सलाईन दिलं होतं?" म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं, बाईंनी ते माझ्या बाजूने लिहिलं असणार. "हो. मूल वाचलं."

"मूल वाचलं ते ठीक. पण तुमच्या ट्यूटरबाईंनी हे दोष म्हणून लिहिलंय." त्यांनी चष्मा खाली सरकवून पत्र पुन्हा घेतलं आणि त्यातलं इंग्रजी मला समजेल अशा मराठीत सावकाश सांगितलं. हुशार आहे, पण आज्ञेबाहेर जाते. एकदा तर डॉक्टरांच्या गैरहजेरीत स्वतःच्या जबाबदारीवर उपचार केले. इंग्रजी कच्चं. वैद्यकीय अभ्यासाचा ताण झेपेल असं वाटत नाही. हिला नर्सिंगमध्येच ठेवणं योग्य.

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाचं पत्र असेल."

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. अक्षर बाईंचं होतं. त्यांनी दिलेल्या पुस्तकाच्या समासात इतकी वर्षं मी तेच अक्षर वाचलं होतं.

"तुम्हाला ह्यावर काही सांगायचंय?" म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं. आवाज मायेचा होता. मला वाटतं, मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. बाई शेजारी उभ्या होत्या, "दे" त्यांनीच म्हटलं होतं, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं तर बाईंवर येईल, असं माझ्या मनात आलं. त्या क्षणीसुद्धा मी त्यांना सांभाळून घेत होते.

"नाही," मी म्हणाले.

परतीच्या एस.टी.त मला रडू आलं नाही. पिरंगुटचा घाट चढेपर्यंत मी डोक्यात पत्राची निरनिराळी कारणं जुळवत होते. कुणी दडपण आणलं असेल. डॉक्टरांनी तक्रार केली असेल. काहीतरी असेल, आणि बाई सांगतील, आणि ते ऐकल्यावर मला बरं वाटेल.

मी पोचले तेव्हा बाई अंगणात मुलींना तान्ह्या मुलाची आंघोळ शिकवत होत्या, कापडी बाहुली घेऊन. मला पाहिलं, पण त्यांनी तास पुरा केला. मग आम्ही त्यांच्या खोलीत गेलो.

"बाई, पत्रात काय लिहिलंत?"

त्यांनी आधी विचारलं, "तुला वाचायला दिलं त्यांनी?"

त्या एका प्रश्नाने माझी वाटेत जुळवलेली सगळी कारणं संपली.

"दे असं तुम्हीच म्हणालात," मी म्हटलं.

"म्हणाले. पण लिहिलंय त्यात खोटं काही नाही. आज्ञा नव्हती आणि तू दिलंस."

"आणि ताण झेपणार नाही, ते?"

ह्यावर त्या खाटेवर बसल्या. मनगटावरचं घड्याळ काढून त्याला किल्ली देऊ लागल्या. "झेपला असता," त्या म्हणाल्या. "तुला झेपला असता. म्हणून तर तसं लिहावं लागलं. बस खाली."

मी बसले नाही.

"दिल्लीला सिस्टर ट्यूटरचा अभ्यासक्रम आहे. मी तुझं नाव तिकडे कळवलंय. त्या पत्रात मी काय लिहिलंय ते तू वाचलंस तर तुला लाज वाटेल, इतकं चांगलं लिहिलंय. मी आणखी सहा-सात वर्षं. मग माझ्या जागेवर कोण? वही वाचून दाखवणारा तो डॉक्टर? नर्सला एवढं पुरे, असंच चालू द्यायचं? डॉक्टर पुष्कळ होतायत. तू डॉक्टर झालीस तर आणखी एक होशील. पण ह्या मुलींना का ते सांगणारी दुसरी कुणी मला ह्या सगळ्या वर्षांत मिळाली नाही."

"मग मला तसं विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"ते माझं मी म्हटलं असतं," मी म्हणाले. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. "आबांना दोन वर्षं थांबायला का सांगितलंत?"

बाईंनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं.

"लग्न झालं असतं तर मी नोकरी सोडली असती. म्हणून ना?"

"नव्वद टक्के मुली सोडतात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे डॉक्टर होण्याचं तुम्ही काढलंत, तेव्हाच हे ठरलेलं होतं."

"तेव्हा नव्हतं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "पक्कं नव्हतं."

दोन्ही वर्षं मी गुरुजींच्या ओट्यावर बसून त्रिकोण काढत होते आणि बाई दर मुक्कामात माझी वही तपासत होत्या. भूमितीत नापास झाले तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवून त्या म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी होईल." त्यांतलं कुठलं त्यांना मनापासून वाटत होतं आणि कुठलं नाही, हे मला आजही उलगडलेलं नाही. मला मेडिकल मिळालं नाही ह्याचं दुःख वर्षा-दोन वर्षांत बोथट झालं. हे मात्र तसंच राहिलं. पुढे कुणी माझं कौतुक केलं की मी आधी विचार करी, ह्याला माझ्याकडून काय हवंय.

मी त्या दिवशी त्यांचं पुस्तक त्यांच्या खाटेवर आणून ठेवलं. त्यांनी ते घेतलं नाही, नकोही म्हटलं नाही.

समितीचा नकार आला. मागोमाग दिल्लीची निवड झाल्याचं पत्र आलं. मी दोन ओळी लिहून नाही कळवलं. तेव्हा बाई मला न भेटता थेट माल्याला गेल्या, आबांना सांगायला. हे मला पुढच्या रविवारी घरी गेल्यावर कळलं. बाई गेल्या तेव्हा आबा खळ्यावर होते. बाईंना त्यांनी घोंगडी टाकून बसवलं, पाणी दिलं. बाईंनी दिल्लीचं सगळं समजावून सांगितलं.

"मग तुमी काय म्हणाला?" मी आबांना विचारलं.

"म्या म्हनलो, बाई, तवा तुमी डॉक्टर म्हणत व्हता. आता मास्तरीण म्हणताय. पोरगी एकच हाय. ती काय म्हणती ते तिला इचारलं का?"

"मग?"

"उठून गेल्या. पाणी बी तसंच ठेवलं." आबांनी सूप खाली ठेवलं. "माज्या घरात बसून शबुद दिला व्हता त्यांनी. म्या पाव्हण्यांच्या दारात जाऊन न्हाई म्हणून आलो."

त्यानंतर आबा हा विषय कधी बोलले नाहीत. ताम्हिणीकडच्या त्या मुलाचं लग्न झालं होतं. दुसरी स्थळं आली, पण वय वाढलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीसाठी यावीत तशी. मी त्यांना हो म्हटलं नाही, आणि आबांनी जबरदस्ती केली नाही.

मी त्याच केंद्रात राहिले. करार संपल्यावरही. मेडिकलच्या अर्जाला वयाची अट होती, ती दोन वर्षांनी उलटून गेली. त्या वर्षी मी अर्जाचा कागद मागवला होता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भरला मात्र नाही. शिफारस लागणार होती, आणि ती कुणाकडे मागायची हे मला सुचेना.

बाईंच्या तुकड्या पुढे दुसऱ्या केंद्राकडे जाऊ लागल्या. साठ सालानंतर त्या तुकड्या पुन्हा आमच्याकडे यायला लागल्या, पण सोबत बाईंऐवजी तरुण ट्यूटर असत. त्यांना फार येत नसे, आणि येत नाही असं म्हणायची तयारी नसे. मुली संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारत. मी सांगे. टाळू का खोल जाते, पायावर सूज का येते, धनुर्वात नाळेच्या जागेतून कसा शिरतो. सांगता सांगता कधी कधी आपल्याच तोंडात बाईंची वाक्यं येतात हे जाणवे आणि मी मध्येच थांबे. मग मुली वाट बघत बसत आणि मला पुढे सांगावंच लागे. म्हणजे बाईंना हवं होतं त्यातलं थोडं मी केलंच, बिनहुद्द्याचं. त्याचा मला राग येई. पण समोर बसलेल्या मुलीला "एवढं पुरे" म्हणायला जीभ वळत नसे.

निवृत्त झाल्यावर एकदा बाई स्वतःच आल्या. मी लसीकरणाला आलेल्या बायकांची रांग लावत होते. बघते तर बाकावर त्या बसलेल्या. गुडघे धरले होते, काठी होती. रांगेतल्या बायका त्यांना रोगी समजून सरकून जागा देत होत्या. मी काम संपवलं आणि त्यांना आत नेलं. चहा केला. त्यांनी केंद्राबद्दल विचारलं, आबांबद्दल विचारलं. आबा आदल्या वर्षी गेले होते, ते मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी चुकले असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तसं वाटलं असतं तर माफी मागितली असती. ती सोपी गोष्ट आहे."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"माझ्या जागेवर ज्या आल्यात ना, त्या वहीच वाचून दाखवतात."

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांच्या मुली इथे येतात."

"तुला विचारतात?"

"विचारतात."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर समाधान आलं. मला वाटलं, ह्यांनी इतक्या दूर येऊन एवढंच बघायचं होतं, आपलं काम कुठेतरी चालू आहे की नाही. मी कशी आहे हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मग जाताना दारात त्यांनी विचारलं, "तू बरी आहेस ना?" आणि उत्तरासाठी थांबल्या.

मला पुष्कळ सांगायचं होतं. बारा वर्षं मी ते मनात मांडून ठेवलेलं होतं, वाक्यं पाठ होती. पण समोर गुडघे दुखणारी म्हातारी बाई होती, आणि पाचची एस.टी. चुकली असती तर त्यांना दुसरी गाडी नव्हती.

"बरी आहे," मी म्हटलं आणि त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या. एस.टी. आली. कंडक्टरला सांगून मी त्यांना पुढची जागा दिली. खिडकीतून त्यांनी एकदा हात वर केला. मीही केला.

त्या गेल्याचं मला तीन महिन्यांनी एका शिकाऊ मुलीकडून कळलं. ती सहज बोलून गेली. मी तिला विचारलं, शेवटी काय झालं होतं? तिला सांगता येईना. मूत्रपिंडं निकामी झाली एवढंच तिने ऐकलं होतं, आणि मूत्रपिंडं निकामी होतात म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिला बसायला सांगितलं.